वेस निएमीचा खांदा कशानं गेला

अमेरिकेच्या उत्तरेला, सरोवराकाठच्या आल्डर बे गावात कुणाला दगडी धुराडं बांधायचं असलं की तो आधी वेस निएमीच्या दारात जायचा. साठीला टेकलेला माणूस, पण दगड वर चढवायला त्यानं कधी यंत्र मागवलं नाही. दगड खांद्यावर घ्यायचा, शिडी चढायचा आणि वरून म्हणायचा, "पुढचा." बोलणं बेताचं. स्वतःच्या दुखण्याबद्दल तर अवाक्षर नाही. त्याची दाढ दुखतेय हे बायकोला, मर्नाला, तो सलग तीन दिवस सूप मागायला लागला की कळायचं.

त्याच्या उलट गॉर्डी लाक्रॉय. पलीकडच्या घरात राहणारा, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला आणि त्या बसमधल्या गोंगाटाची सवय लागल्यामुळे शांतता सहन न होणारा. शनिवारी दोघं वेसच्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, घाम काढत, मग बाहेरच्या पायरीवर बसून बिअर पीत. गॉर्डी बोलायचा, वेस ऐकायचा. चाळीस वर्षं ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

गॉर्डीची एकुलती एक मुलगी नोएल शिकून फार्मासिस्ट झाली आणि शहरातली नोकरी नाकारून गावातल्याच औषधाच्या दुकानात लागली, तेव्हा गॉर्डीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिकडं फ्लूची लस औषधाच्या दुकानातच टोचतात; ऑक्टोबरात ती द्यायचा नोएलचा पहिला दिवस ठरला, तसा तो घरोघरी आमंत्रणं देत फिरला, जणू काही लग्नच आहे.

"तू पहिला गेला पाहिजेस," तो वेसला म्हणाला. "तुला बघून बाकीचे येतील."

"मी कधी घेत नाही लस."

"म्हणूनच. वेस निएमी घेतो म्हटल्यावर कोण मागं राहील?"

वेस गेला. त्या दिवशी थंडी होती. अंगात लोकरीची बनियन, वर जाड चौकड्यांचा शर्ट. बाही काही केल्या कोपराच्या वर सरकेना.

"वेसकाका, शर्ट काढता का?" नोएल म्हणाली. तिच्या पांढऱ्या कोटाची घडी अजून मोडली नव्हती.

मागं रांग. रांगेत चर्चमधल्या बायका, पोरंबाळं. एवढ्या लोकांसमोर बनियनवर बसायचं वेसच्या जिवावर आलं. त्यानं वरची बटणं काढली आणि कॉलर धरून शर्ट डाव्या खांद्यावरून खाली ओढला. "एवढं पुरे," म्हणाला. तो खुर्चीत बसलेला, ती उभी. सुई जिथं दंडाच्या मांसात जायची तिथं न जाता वर, खांद्याच्या हाडाशी गेली. वेसला ती हाडात शिरल्यासारखी वाटली. डोळ्यांपुढं क्षणभर पांढरं झालं.

"दुखलं का, काका?"

"छे. डास चावला."

त्याच्या मागोमाग किंडरगार्टनमधली एक मुलगी आली, टोचून घेतलं आणि लॉलीपॉप चोखत उड्या मारत गेली.

संध्याकाळी वेसचा खांदा ठणकायला लागला. सकाळी उठला तर डावा हात बरगडीला शिवल्यासारखा. स्वेटर डोक्यावरून घालता येईना. मर्नानं हात धरून बाहीत घातला, तेव्हा त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की ती घाबरली.

"काय झालं रे?"

"झोपेत अवघडला."

खरं सांगायला काय हरकत होती? पण त्या लॉलीपॉपवाल्या मुलीची उडी त्याच्या डोळ्यांसमोर होती. दोनशे पौंडांचा दगड उचलणारा माणूस फ्लूच्या सुईनं लोळला! हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकण्यापेक्षा हात तुटलेला बरा, असं त्याला वाटलं.

लस घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी गॉर्डीची होडी सरोवरातून बाहेर काढायची होती. दरवर्षीचं काम, दोघांचंच. गॉर्डी आला तर वेस अंगणात जाकीट नुसतं पाठीवर टाकून उभा.

"म्हातारा झालास का? जाकीट घालायला विसरलास?"

"हात अवघडलाय जरा."

गॉर्डीनं हसत हसत त्याचा हात बाहीत घातला, चेन वर ओढून दिली. "तुझ्यासारखे पाच-सहा असायचे माझ्या बसमध्ये," म्हणाला.

होडी अर्ध्यावर आली आणि ओल्या शेवाळावर गॉर्डीचा पाय सरकला. त्याच्या हातातलं टोक सुटलं, सगळा भार वेसच्या बाजूला आला. आधीच पेटलेल्या खांद्याला हिसका बसला. वेस गुडघ्यांवर बसला आणि ओरडला. गॉर्डीनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं.

आठवड्यानं दोघं गावच्या कॉफीच्या टपरीत बसले होते. वेसला कप डाव्या हातानं उचलता येत नव्हता. कुणीतरी विचारलं, "निएमी, हाताला काय झालं?"

वेसनं तोंड उघडलं. त्याच्याआधी गॉर्डी म्हणाला, "माझ्यामुळं झालं. होडी सुटली माझ्या हातातून." त्याचा चेहरा इतका पडला होता की आजूबाजूचे कुणी हसलेही नाहीत.

वेसनं तोंड मिटलं.

बस, एवढंच. ठरवून खोटं बोलायला तो टपरीत गेला नव्हता. खोटं त्याच्यापुढं आणून ठेवलं गेलं आणि त्यानं ते उचलून खिशात टाकलं. पण पुढच्या सोमवारी गावच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "हे कधीपासून?" तेव्हा मात्र तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "होडी ओढताना झालं." डॉक्टरनं तसं लिहून घेतलं.

मनाची समजूत घालायला त्याला कारणही सापडलं. नोएल नवी. गावात लशीच्या नावानं बोटं मोडणारे कमी नव्हते, त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं. पोरीची नोकरी गेली असती. आपण गप्प बसलो ते तिच्यासाठी. हे कारण त्याला इतकं आवडलं की थोड्या दिवसांत त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

त्या हिवाळ्यात बर्फ रोजचं. दर दोन दिवसांनी छपरावरचं बर्फ ओढून काढावं लागे, नाहीतर छप्पर खाली येईल. वेसला फावडं धरवेना. सकाळी डोळे उघडायचे ते छपरावरच्या खरवडण्याच्या आवाजानं. गॉर्डी वर चढलेला असायचा. त्याचे दोन्ही गुडघे निकामी होत आलेले, शिडीवर प्रत्येक पायरीला थांबून तो दम खायचा. खाली उतरला की वेसची लाकडं फोडायचा.

"गॉर्डी, पुरे रे. पोरं लावतो कामाला."

"गप बस. मोडलं कुणी? मी. भरून कोण देणार? मीच."

वेस खिडकीआडून बघायचा. हरणांच्या शिकारीचा मोसम आला, दरवर्षीप्रमाणे सगळे रानातल्या झोपडीत जमले. वेसला बंदुकीची नळी धरून हात वर करता येईना, तो घरीच थांबला. त्याच्यासाठी गॉर्डीही गेला नाही. "तुझ्याशिवाय काय मजा?" म्हणाला आणि पायरीवर बसला. त्या दिवशी बोलायला मात्र त्याला काही सुचेना.

वसंतात वेसच्या हातचं मोठं काम गेलं, सरोवराकाठच्या बंगल्याची तीन धुराडी. दवाखान्याची बिलं येत होती. तेव्हा गॉर्डीनंच पुढाकार घेऊन वेसच्या चर्चच्या हॉलमध्ये मदतीचं जेवण ठरवलं. त्याचं स्वतःचं चर्च वेगळं, तरी तो पाद्रीबाबांना जाऊन भेटला, घरोघरी तिकिटं विकली, दहा मोठी पातेली स्पगेटी शिजवायला बायका गोळा केल्या. हॉल भरला. जेवणं चालू असताना गॉर्डी उभा राहिला. नेहमी विनोद करणारा माणूस, लोकांनी हसायची तयारी ठेवली होती.

"मी जास्त बोलणार नाही," तो म्हणाला. "वेसचा खांदा माझ्या हातून गेला. माझा पाय सरकला आणि त्याचा रोजगार बसला. त्यानं मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. कुणी मित्र असावा तर असा." पुढं त्याला बोलवेना. तो खाली बसला.

टाळ्या वाजल्या. लोक वेसकडं बघत होते. मर्नाच्या डोळ्यांत पाणी. नोएल पावाची टोपली घेऊन फिरत होती, ती त्याच्यापाशी थांबून हळूच म्हणाली, "काका, बाबांना तुम्ही सांगा ना जरा. झोपत नाहीत ते."

वेसनं मान हलवली. पाव घेतला. त्याला उठून उभं राहता आलं असतं, हॉलमध्ये सगळे होते, एकदाच सांगून मोकळं होता आलं असतं. त्यानं काट्याला स्पगेटी गुंडाळली आणि खाल्ली. पुन्हा गुंडाळली आणि खाल्ली. ताट रिकामं होईपर्यंत मान वर केली नाही. एका बाईनं विचारलं, "आणखी वाढू?" तर तो हो म्हणाला.

खांदा मात्र बरा होईना. व्यायाम झाले, शेक झाला. दुसरा ऑक्टोबर आला तसा मर्नानं हट्टच धरला आणि त्याला डुलूथ शहरातल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्या डॉक्टरनं फोटो पडद्यावर लावले, बराच वेळ बघितले आणि वेगळंच विचारलं.

"ह्या हाताला दुखायच्या आधी लस घेतली होती?"

मर्ना म्हणाली, "फ्लूची घेतली होती. पण ह्याला तर होडीनं—"

"हिसक्यानं फाटलं असतं तर वेगळं दिसलं असतं," डॉक्टर म्हणाला. "हे सांध्याच्या आत औषध गेल्यासारखं दिसतंय. सुई वर टोचली की कधीकधी असं होतं. दुखायला नक्की कधी लागलं?"

वेस स्वतःच्या बुटांकडं बघत होता. "त्याच संध्याकाळी," तो म्हणाला.

"होडीच्या आधी?"

"आधी."

मर्नानं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेला तोंड देण्यापेक्षा त्यानं डॉक्टरकडून पुन्हा तीच सुई आनंदानं घेतली असती. डॉक्टर सांगत होता, की ऑपरेशननं थोडा फरक पडेल, आणि अशा इजेसाठी सरकारचा भरपाईचा निधी आहे, वकील गाठा, मुदत तीन वर्षांची असते. मर्ना एकेक गोष्ट लिहून घेत होती.

गाडी तीच चालवत होती. अर्धी वाट झाली. मग पेट्रोल भरायला थांबली आणि स्टिअरिंगवरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "तो माणूस वर्षभर आपल्या छपरावर चढतोय, वेस."

"नोएलचं नाव खराब झालं असतं."

"माझ्याशी असलं बोलू नकोस. मी तुझ्याबरोबर पस्तीस वर्षं काढलीत."

वकीलबाई मिलवॉकीच्या, नाव रूथ हॅलोरन. फोनवरच भेटल्या. आवाज कोरडा पण माणूस सरळ. वेसनं आधी विचारलं, "म्हणजे मी त्या पोरीवर खटला करायचा?"

"मुळीच नाही. खटला सरकारच्या आरोग्य खात्यावर. टोचणारी, दुकान, कुणाच्याही विरुद्ध नाही. चूक कुणाची हे विचारतच नाहीत. लशीनं झालं आणि दोन दिवसांच्या आत दुखायला लागलं, एवढं पटवायचं. माझी फीसुद्धा तो निधी देतो."

वेस फोन कानाला धरून खिडकीपाशी गेला. पोरीचं काही बिघडणार नव्हतं. पहिल्या दिवसापासून कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. ज्या गोष्टीच्या आडोशाला तो वर्षभर बसला होता, तिथं भिंतच नव्हती.

"मिस्टर निएमी, ऐकताय ना? एक अडचण आहे. तुमच्या गावच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय, होडी ओढताना झालं. सरकारी वकील तेच धरून बसणार. होडीच्या आधी तुमचा हात उचलत नव्हता हे कुणी पाहिलंय?"

"बायकोनं."

"बायको झाली घरची. बाहेरचं कुणी?"

वेसला उत्तर माहीत होतं. "गॉर्डी लाक्रॉय," तो म्हणाला. "त्यानं मला जाकीट घातलं होतं."

तो पायी पायी पलीकडं गेला. गॉर्डी गॅरेजमध्ये माशांना धुरी द्यायच्या पेटीची दुरुस्ती करत होता. "ये ये," म्हणाला, "डुलूथवाला काय म्हणतो?"

वेसनं उभ्या उभ्या सांगितलं. सुई, ती संध्याकाळ, स्वेटर. नंतर होडी. सगळं सांगायला एवढे थोडे शब्द लागले, याचंच त्याला नवल वाटलं.

गॉर्डी हातातला स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसत राहिला. "म्हणजे मी जाकिटाची चेन लावून दिली तेव्हा हात गेलेलाच होता."

"हो."

"टपरीत मी बोललो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि स्पगेटीच्या दिवशी?"

वेसनं पेटीवरचा एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला.

"मी दीडशे माणसांपुढं उभा राहिलो, वेस. रडलो मी. तू बसून खात होतास. दुसऱ्यांदा वाढून घेतलंस, मी पाहिलं. मला वाटलं, बरं झालं, भूक तरी लागतेय बिचाऱ्याला."

"मला वाटलं, नोएलचं नाव—"

"पोरीला वाचवायला पोरीच्या बापाला बुडवलंस? फार हुशार रे तू!"

"नाही," वेस म्हणाला. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "तिच्यासाठी नाही. लाज वाटली मला. सुईनं लोळलो म्हणून लोक हसतील असं वाटलं. एवढंच होतं."

गॉर्डीच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा, पण हसणं नव्हे. "हसलो असतो की," तो म्हणाला. "आठवडाभर हसलो असतो. मग गप्प झालो असतो." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "घरी जा आता."

"वकीलबाईंना तुझी साक्ष—"

"घरी जा म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी नोएल आली. मर्नानं वेलदोड्याचा पाव कापून पुढं ठेवला, तिनं हात लावला नाही. कोटही काढला नाही. दाराशीच उभी राहिली.

"काका, तुम्ही त्याच आठवड्यात सांगितलं असतं ना, तर मी त्याच आठवड्यात शिकले असते."

"तुला त्रास नको म्हणून—"

"मला त्रास? शर्ट वरून खाली ओढला तर टोचायचं नसतं. बाही काढायची, आपण बसायचं, मग टोचायचं. मला हे शिकवलं होतं. पण तुम्ही 'डास चावला' म्हणालात, मला वाटलं असंही चालतं. ज्यांनी ज्यांनी जाड कपडे घातले त्यांना मी तसंच टोचलं, वर्षभर. या वेळी मिसेस आहोंना टोचलं. त्या काल दुकानात आल्या होत्या. त्यांना केस विंचरता येत नाहीत."

मिसेस आहो निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरीच्या. वेसला त्यांनीच तिसरीत पाढे शिकवले होते. तो खुर्चीत बसला तो बसलाच. नोएल रडत होती आणि रडण्याचा तिला राग येत होता. "मी वर कळवलंय," ती म्हणाली. "जे असेल ते माझं मी निस्तरेन. पण तुम्ही मला लहान पोर समजलात. बाबांना तर काय समजलात देव जाणे."

ती गेल्यावर मर्नानं पाव झाकून ठेवला. मग भांडी घासायला घेतली. वेसला वाटत होतं, बोलेल तर बरं.

हिवाळा पुन्हा आला. छपरावर आवाज नाही. वेसनं पैसे देऊन माणूस लावला आणि सगळ्या गावानं ते पाहिलं. खरी गोष्ट एव्हाना गावभर झाली होती; टपरीत तो शिरला की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी मुद्दाम हवापाण्याचं काढायचं. एकदा कुणीतरी दंडावर बोट टोचून मागून "आई गं!" केलं, आणि कोपऱ्यातली पोरं हसली. ज्या हसण्याला तो वर्षभर भ्याला होता ते अखेर आलंच. कॉफी संपेपर्यंत टिकलं आणि विरलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण काय काय केलं, हे मनात येऊन त्याचे कान तापले.

गॉर्डीनं साक्ष दिली. वेसला कळवलं नाही, वकीलबाईंकडूनच समजलं. प्रतिज्ञापत्रात त्यानं सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं: जाकीट, चेन, अवघडलेला हात. आणि शेवटी स्वतःहून घातलेली ओळ, की होडी माझ्या हातून सुटली हे खरं आहे, ते मी लपवत नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली. वेस गावच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसला होता, अंगात कोट, समोर कॉम्प्युटर. पडद्यावर चौकोन: वॉशिंग्टनहून निकाल देणाऱ्या न्यायाधीशबाई, सरकारी वकील, मिलवॉकीहून रूथबाई, आणि खालच्या चौकोनात गॉर्डी, आपल्या स्वयंपाकघरात. चार महिन्यांत वेसनं त्याला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. त्यानं दाढी वाढवली होती.

सरकारी वकील सभ्य होता. "मिस्टर निएमी, दोन गोष्टींपैकी एक खोटी आहे. डॉक्टरला तुम्ही होडी सांगितली. आम्हाला सुई सांगताय. आता भरपाई मिळणार आहे. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

"डॉक्टरला सांगितलं ते खोटं."

"का सांगितलं खोटं?"

रूथबाईंनी त्याला उत्तर तयार करून दिलं होतं: दुखण्याचं कारण नीट लक्षात आलं नव्हतं, वगैरे. ते खोटंही नव्हतं अगदी. पण खालच्या चौकोनात गॉर्डी समोरच बघत होता.

"लाज वाटली म्हणून," वेस म्हणाला. "लहान मुलं टोचून घेऊन खेळायला जातात आणि मला हात उचलता येईना. मित्रानं आळ स्वतःवर घेतला आणि मी तो त्याच्यावर राहू दिला. वर्षभर. त्यानं माझं बर्फ काढलं, लाकडं फोडली. गावानं मला जेवण दिलं. मी ते जेवलो."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर लाक्रॉय, तुमचं यावर काही म्हणणं आहे?"

"तो खोटारडा आहे," गॉर्डी म्हणाला. "पण ह्या वेळी खरं बोलतोय. हात आधीच गेला होता. मी स्वतः बाहीत घातला."

निकाल वेसच्या बाजूनं लागला. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी होती. खोटं सांगितल्यानं उपचाराला उशीर झाला आणि दुखणं लांबलं, हेही निकालात लिहिलं होतं. वेसला ते बरोबर वाटलं. ऑपरेशन झालं, हात छातीपर्यंत वर यायला लागला. दगड उचलण्याइतका होणार नव्हता. स्पगेटीच्या जेवणाचे पैसे त्यानं पाद्रीबाबांपुढं नेऊन ठेवले. पाद्रीबाबा म्हणाले, "हे परत कुणाकुणाला देऊ? तुम्हीच बघा काय करायचं." माफी मागायला एकच हॉल होता, तर रविवारी प्रार्थनेनंतर त्यानं तिथं उभं राहून मागितली. चार वाक्यं बोलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते त्याला बरं वाटलं.

मग तो मिसेस आहोंकडं गेला. त्यांचे केस सदैव घट्ट अंबाड्यात असायचे, आता कापून टाकले होते, मुलासारखे. त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली. वेसनं पैशांचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे कशाचं?"

"गावानं मला दिलेलं. तुमच्या उपचाराला. आणि एका वकीलबाईंचा फोन नंबर आहे आत. त्यांना आजच फोन करा, बाई. मुदत असते. डॉक्टरला काय काय झालं ते पहिल्यापासून खरं सांगा. नोएलवर काही येत नाही त्यात."

"नोएल रोज येते माझ्याकडं," मिसेस आहो म्हणाल्या. "केस तिनंच कापले. आणि वेस, मला खोटं बोलायची गरजच काय? मी म्हातारी आहे. दुखलं तर दुखलं म्हणते."

वेसनं कॉफीत साखर घातली आणि ढवळत राहिला.

"तुला तिसरीत सातचा पाढा येत नव्हता," त्या म्हणाल्या. "पोटात दुखतं म्हणून दोन आठवडे शाळेत आला नाहीस. मी तुझ्या आईला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं बहुतेक."

त्यानं मान वर केली नाही, पण पाकीट त्यांनी ठेवून घेतलं आणि फोन नंबर मोठ्यानं वाचून खात्री करून घेतली, तेव्हा तो थोडा सैल झाला. निघताना त्यांनी कचऱ्याची पिशवी त्याच्या हातात दिली. उजव्या. "जाता जाता टाक," म्हणाल्या.

गॉर्डीचं म्हणाल तर तो आता बोलतो. पेट्रोल पंपावर, पोस्टात. मर्ना कशी आहे विचारतो. नोएलला शहरातल्या दवाखान्यातली नोकरी मिळाली, इथल्या चुकीबद्दल तिनं तिथं आधीच सांगितलं होतं तरी मिळाली, हे त्यानं स्वतःहून सांगितलं आणि क्षणभर जुना गॉर्डी दिसला. शनिवारी सौनाला मात्र तो येत नाही. वेस शेगडी पेटवतो, दगडांवर पाणी टाकतो आणि एकटाच बसतो. मागच्या महिन्यात कुंपणापाशी गाठ पडली तेव्हा धीर करून त्यानं विचारलं, "शनिवारी येशील?"

गॉर्डीनं थोडा विचार केला. "नको," म्हणाला. "अजून नको."

वेस घरात आला. मर्नानं विचारलं, काय म्हणाला. त्यानं जसंच्या तसं सांगितलं.